जुन्या गाडीचं सस्पेन्शन: आधी काय बदलायचं आणि काय थांबू शकतं?

बारा-पंधरा वर्षांची अल्टो, वॅगनआर किंवा सँट्रो गॅरेजमध्ये जाते. तक्रार साधी असते: खड्ड्यात गेली की पुढून खडखड वाजते. मेकॅनिक गाडी वर घेतो, दोन-चार ठिकाणी टॉमी लावून हलवून बघतो आणि कागदावर यादी उतरते. लोअर आर्म दोन, बॉल जॉइंट दोन, टाय रॉड एंड दोन, लिंक रॉड, चारही शॉकअप, माउंटिंग, वर अलाइनमेंट. खालची बेरीज पाहून मालकाला घाम फुटतो, कारण विकायला काढली तर गाडीचे तेवढे पैसे येतील की नाही याचीच शंका असते.

मग दोनपैकी एक घडतं. एक तर सगळी यादी डोळे मिटून मंजूर होते, नाहीतर "आवाजच आहे ना, चालतंय तोवर चालू दे" म्हणत काहीच होत नाही. पहिल्यात पैसे वाया जातात, दुसऱ्यात जीव धोक्यात येतो. कारण यादीतले सगळे पार्ट एका तोलाचे नाहीत. काही निकामी झाले तर गाडी फक्त वाजते. काही निकामी झाले तर भर रस्त्यात चाक आडवं होतं. गंमत अशी की सगळ्यात जास्त आवाज करणारे पार्ट बऱ्याचदा सगळ्यात कमी धोक्याचे असतात, आणि खरे धोक्याचे शेवटपर्यंत जेमतेम आवाज करतात.

चाक गाडीला नेमकं कशाने जोडलेलं असतं?

भारतात मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत पुढच्या बाजूला एकच रचना दिसते: मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या गाड्यांमधून ती रुळली. कमी पार्ट, कमी जागा, कमी खर्च, म्हणून छोट्या गाड्यांना ती अगदी फिट बसली.

या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा खांब तयार होतो. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला रबरी माउंटिंगमधून पकडलेलं असतं. खालचं टोक नकलला, म्हणजे ज्यावर चाकाचा हब बसतो त्या ओतीव लोखंडी भागाला, बोल्टने जोडलेलं असतं. नकलचं खालचं टोक धरायला आडवा लोअर आर्म असतो. आर्म गाडीच्या बाजूला दोन रबरी बुशांवर डुलतो आणि चाकाच्या बाजूला एका बॉल जॉइंटने नकलला जोडलेला असतो. चाक डावी-उजवीकडे वळवायचं काम टाय रॉड करतो. तो स्टीअरिंग रॅकपासून निघून नकलला मिळतो आणि त्याच्याही टोकाला एक बॉल जॉइंटच असतो, त्यालाच टाय रॉड एंड म्हणतात. वळणावर गाडी एका अंगावर झुकू नये म्हणून एक वाकवलेली सळई दोन्ही बाजूंना छोट्या लिंक रॉडने जोडलेली असते.

थोडक्यात, पुढच्या चाकाला तीन आधार: वर स्ट्रट, खाली बॉल जॉइंट, बाजूला टाय रॉड. यातला खालचा किंवा बाजूचा आधार सुटला, की चाक कुठे जाईल हे ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

वाजणारे आणि गप्प बसणारे

लहान लहान खड्ड्यांवर, पेव्हर ब्लॉकवर, कमी वेगातही टकटक-खडखड येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. त्याच्या टोकांना बोटाच्या पेराएवढे छोटे सांधे असतात आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ते लवकर सैल होतात. आवाज असा येतो की वाटावं, आता पुढचा भाग गळून पडणार. प्रत्यक्षात लिंक रॉड तुटला तरी गाडी सरळ चालते, ब्रेक लागतो, वळणावर थोडी जास्त झुकते एवढंच. पार्टही स्वस्त, छोट्या गाड्यांना काही शे रुपयांत मिळणारा. बदलायचा जरूर, पण त्यासाठी रात्रीची झोप उडायची गरज नाही.

आता बॉल जॉइंट. एक पॉलिश केलेला पोलादी गोळा, त्याला बसेल अशी वाटी, मध्ये ग्रीस आणि वरून रबरी बूट. एवढाच पार्ट. जोवर बूट शाबूत आहे तोवर तो वर्षानुवर्षं टिकतो. बूटला चीर पडली की पावसाचं पाणी आणि बारीक रेती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळा कोरडाच घासू लागतो. कोकणात, मुंबईत चार महिने पाण्यातून चालणाऱ्या गाडीत बूट फाटल्यावर एक पावसाळा पुरेसा असतो. गोळा झिजत जातो, वाटी मोठी होत जाते आणि एखाद्या दिवशी जोरदार खड्ड्यात गोळा वाटीतून बाहेर निसटतो. नकलचं खालचं टोक मोकळं होतं, चाक बाहेर फेकलं जातं आणि गाडी त्या बाजूने खाली बसते. पार्किंगमध्ये वळताना हे झालं तर नशीब. घाटात किंवा द्रुतगती मार्गावर झालं तर सावरायला वेळच मिळत नाही.

टाय रॉड एंडची गोष्ट तशीच. तो सुटला की स्टीअरिंग फिरवलं तरी त्या बाजूचं चाक ऐकत नाही. सुरुवातीची लक्षणं मात्र फार सौम्य असतात: सरळ रस्त्यावर स्टीअरिंगला सतत थोडं थोडं सावरावं लागणं, मध्यावर किंचित रिकामा प्ले, टायरची आतली किंवा बाहेरची कड खाल्ली जाणं. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला ही सवय होऊन जाते. दुसऱ्या कुणी एखाद्या दिवशी चालवली की तो लगेच विचारतो, "स्टीअरिंग एवढं सैल कसं?" त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये.

प्ले बघायचा कसा?

यासाठी मशीन लागत नाही. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना अडण, पुढची बाजू बॉडीखाली जॅक लावून वर आणि खाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, हा नियम अनुभवी मेकॅनिकनेही मोडू नये.

चाक लटकत असताना घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवायचं. खट्ट असा प्ले जाणवला तर तो बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा असतो. कोणता, हे ओळखायला सोपी युक्ती आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचा. ब्रेकमुळे हब आणि नकल एकमेकांना घट्ट होतात, त्यामुळे प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर खालच्या सांध्याचा. खात्रीसाठी लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी घालून हलकं उचलायचं. सांधा डोळ्यांदेखत वर-खाली होताना दिसतो.

मग चाक नऊ आणि तीनच्या जागी धरायचं. इथे प्ले आला तर टाय रॉड एंड किंवा त्याचाच आतला, रॅकला जोडलेला सांधा. याची आणखी चांगली तपासणी गाडी चारही चाकांवर उभी असताना होते. एकाने स्टीअरिंग हलकं डावी-उजवीकडे झुलवायचं आणि दुसऱ्याने टाय रॉड एंडवर बोटं ठेवायची. झिजलेला सांधा बोटांना टिचकी देतो.

मालकाने हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. पण मेकॅनिकला "कुठे प्ले आहे ते दाखवा" म्हणायला काही हरकत नाही. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो. जो दाखवत नाही आणि फक्त यादी वाढवतो, त्याच्याकडे दुसरं मत घेतल्याशिवाय काम सोपवू नये.

रबराचं वय

गाडी कमी चालली म्हणून सस्पेन्शन नवं राहतं, हा एक मोठा गैरसमज आहे. दहा वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे सांधे कदाचित चांगले असतील, पण रबर किलोमीटर मोजत नाही. ऊन, इंजिनची उष्णता आणि गळणारं ऑइल यांनी ते कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. लोअर आर्मचे बुश, सळईचे बुश, स्ट्रटचं माउंटिंग, सगळ्यांचं हेच.

लोअर आर्मचा बुश फाटला की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, रेस देताना दुसरीकडे जाते आणि एक धप्प असा जाड आवाज येतो. कारण आर्म पुढे-मागे सरकतो आणि चाकाचा कोन चालता चालता बदलतो. वरवरच्या बारीक भेगा चालतात. रबर धातूपासून सुटलं असेल, तर नाही.

माउंटिंग गेल्याची खूण वेगळी आहे. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा आवाज येतो आणि बॉनेट उघडून बघितलं तर वरची टोपी हललेली दिसते.

शॉकअप: सगळ्यात महाग, सगळ्यात जास्त गैरसमज

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी थांबवणं. म्हणून "गाडी खाली बसली, शॉकअप बदला" हा सल्ला मुळातच चुकीचा असतो. गाडी एका बाजूला बसली असेल तर आधी स्प्रिंग बघावी. समुद्राकाठच्या गाड्यांत गंजलेल्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला सापडतो आणि तो टायरला लागू शकतो. तशी गाडी चालवूच नये.

गेलेला शॉकअप ओळखायला बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी पद्धत आहे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेला. पण ही परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, निम्मा मेलेला यातून सुटतो. जास्त खात्रीच्या खुणा दोन: अंगावरून ओघळलेलं ऑइल, आणि टायरवर गोलाईत थोड्या थोड्या अंतराने पडलेले खोलगट पट्टे. तेलाचा नुसता पातळ ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ म्हणजे गळती नव्हे.

शॉकअप गेला की चाक रस्त्यावरून उडत राहतं, ब्रेकचं अंतर वाढतं आणि पावसात ते जास्त जाणवतं. म्हणजे हा आरामाचा पार्ट नाही. तरीही तो हळूहळू कमजोर होतो, बॉल जॉइंटसारखा एका क्षणात दगा देत नाही. पैसे कमी असतील तर त्याला महिना-दोन महिने थांबवता येतं. बदलताना मात्र पुढची जोडी किंवा मागची जोडी एकत्रच बदलायची. एक नवा आणि एक जुना असला तर खड्ड्यात आणि ब्रेकखाली गाडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या वागतात.

बोलेरोसारख्या गाड्यांत मागे स्प्रिंगऐवजी पाटे असतात. तिथे शॉकअपबरोबर पाट्यांच्या टोकांचे बुश आणि एक्सलला पाटे बांधणारे यू बोल्ट तपासायचे. तुटलेलं पान आणि सैल यू बोल्ट दोन्ही धोक्याचे.

स्टीअरिंग रॅक बदलण्याआधी

रॅक हा महागडा पार्ट, त्यामुळे त्यावर संशय शेवटी घ्यावा. स्टीअरिंगमधला प्ले कितीदा तरी टाय रॉडमध्ये किंवा स्टीअरिंगच्या दांड्यावरच्या क्रॉसमध्ये निघतो. रॅकच्या दोन्ही टोकांचे घडीदार बूट फाटले असतील तर लगेच बदलावेत, ते स्वस्त आहेत आणि त्यांच्यामुळेच रॅक वाचतो. रॅकला एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. तो आवळून आवाज बंद करून देणारे काही कमी नाहीत. जास्त आवळला की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि हे आधीच्या आवाजापेक्षा वाईट.

ऐंशीच्या आसपास वेगात स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर ब्रेक डिस्क. या दोन तक्रारींवर लोअर आर्म बदलले जातात आणि थरथर तशीच राहते.

नवे पार्ट सहा महिन्यांत का जातात?

"डुप्लिकेट पार्ट घातला" हे नेहमीचं उत्तर. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष बसवण्यात असतो, आणि त्यातली एक चूक इतकी सर्रास होते की ती नीट समजून घ्यायला हवी.

लोअर आर्मच्या बुशात बाहेर एक धातूची नळी, आत एक नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीला घट्ट होते. यापुढे आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळून. आता गाडी जॅकवर आहे, चाक लटकतंय, आर्म खाली झुकलाय आणि अशाच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर काय होईल? गाडी खाली उतरताच आर्म वर येईल आणि रबर कायमचं पिळलेलं राहील. त्यावर रोजचे खड्डे. असा बुश काही महिन्यांत फाटतो. बरोबर पद्धत अशी की बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर वजनासह उभी करायची आणि मग शेवटचं आवळायचं. पाच मिनिटांचं काम, पण घाईत तेच राहतं.

सांधे काढतानाही घोळ होतो. दुबोटी पाचर घालून हातोड्याने ठोकलं की सांधा सुटतो, पण बूट फाटतो. जो सांधा फेकायचाच आहे त्याला हे चालेल. पुन्हा वापरायचा असेल तर पुलर लावायचा. खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असेल तर पिन प्रत्येक वेळी नवी. नट ठरलेल्या ताकदीने आवळल्यावर भोक जुळत नसेल तर तो किंचित पुढे आवळून जुळवायचा, मागे सैल करून कधीच नाही.

स्ट्रट खोलणं हे घरी प्रयोग करण्याचं काम नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताकद साठलेली असते. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर नसताना वरचा नट काढला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. स्ट्रट उघडला असेलच तर माउंटिंग, बेअरिंग आणि आतला रबरी बंप स्टॉप तेव्हाच बघावा, कारण मजुरी तीच.

पार्ट कोणता घ्यायचा?

कंपनीच्या डब्यातलाच पार्ट हवा असं नाही. गाडीच्या कंपन्या शॉकअप आणि सांधे बहुतेक वेळा स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात, आणि ते पुरवठादार बाजारातही स्वतःच्या नावाने विकतात. गॅब्रियल इंडिया ही १९६१ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी आज चाकण आणि नाशिकसह अनेक ठिकाणी शॉकअप बनवते. स्टीअरिंगचे सांधे बनवणारी राणे ही चेन्नईची. अशा नावाजलेल्या पुरवठादाराचा पार्ट कंपनीच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो. मात्र याच नावांचे नकली डबेही बाजारात येतात, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावा.

बुशांमध्ये थोडी काटकसर चालते. आर्म सरळ असेल तर जुने बुश प्रेसवर काढून नवे बसवता येतात. पण बॉल जॉइंटमध्ये काटकसर नको. ठोकून किंवा वेल्डिंग करून घट्ट केलेला सांधा घेऊ नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा जातो आणि आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

अलाइनमेंट शेवटी, आधी नाही

झिजलेल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. मशीनवर आकडे जुळतात आणि पहिल्याच गतिरोधकावर बिघडतात. टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करावीच लागते. जुना एंड किती आटे फिरवून निघाला हे मोजून नवा तेवढाच बसवला तरी ते फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतं.

मशीनचा छापील कागद मागून घ्यावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त पुढच्या चाकांचा टो जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर हे दोन कोन बिघडलेले दिसले तर ते "सेट करून" सुटत नाहीत. त्याचा अर्थ आर्म किंवा स्ट्रट वाकलाय, नाहीतर बुश बसलाय.

आज काय, पुढच्या महिन्यात काय?

प्ले असलेला बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, तुटलेली स्प्रिंग, सैल बोल्ट: यातलं काहीही असेल तर गाडी तिथेच सोडावी, लांबच्या प्रवासाचा विचारही करू नये. धातूपासून सुटलेले बुश आणि गळणारे शॉकअप त्यानंतर, पण पावसाळ्याआधी. लिंक रॉड आणि माउंटिंगचा आवाज सवडीने. फक्त बूट फाटलाय आणि सांध्यात अजून प्ले नाही, अशी गाडी फार थोड्या दिवसांची सवलत देते, तेवढ्यात काम उरकावं.

यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार, ज्या दोषाची मालकाला माहिती आहे किंवा साध्या काळजीने जो लक्षात आला असता, अशा धोकादायक अवस्थेतली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी हे नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. चौदाव्या वर्षी गाडी ठेवायची की विकायची हे ठरवताना हा खर्च आणि सस्पेन्शनचा खर्च एकाच कागदावर मांडावा. इंजिन आणि बॉडी धड असेल, खालून चॅसिस गंजलेली नसेल, तर सस्पेन्शनचं काम नव्या गाडीच्या काही हप्त्यांएवढंच पडतं. खालून गंज खाल्लेल्या गाडीवर मात्र नवे पार्ट बसवण्यात अर्थ नाही, कारण ते ज्या पत्र्याला पकडतात तोच भरवशाचा नसतो.

काम झाल्यावर जुने पार्ट मागून घ्यावेत आणि बॉल जॉइंटचा दांडा हाताने हलवून बघावा. चांगला सांधा बोटांना बऱ्यापैकी जड लागतो. झिजलेला सैल लोंबतो. तीन-चारशे किलोमीटर चालवल्यानंतर गाडी पुन्हा एकदा त्याच मेकॅनिककडे न्यायची आणि सगळे नट-बोल्ट तपासून घ्यायचे.